मोयनोकला मटण मानवेना

आमच्या सुनेचं, बुरुलचं, कौतुक मी तिच्या तोंडावर कधी केलं नाही. आज करतो. कोणाला आवडो न आवडो.

मोयनोक आमच्या कळपाचा राखणदार कुत्रा. पाठ माझ्या कमरेला लागते, लांडग्याला एकट्यानं पिटाळून लावणारा गडी. त्या वसंतात मात्र त्याची पार रया गेली. काखेत, पोटाखाली कातडी लालेलाल, खाजवून खाजवून केस गळालेले. गुरांच्या डॉक्टरनं कातडी खरवडून तपासली, म्हणाला, खरूज नाही. पण शेजारचा तोकोय ऐकतोय होय! डोंगरावरच्या उन्हाळी कुरणावर त्याचा नि आमचा कळप एकत्र असतो. म्हणाला, "जुमाके, हे लूतभरलं कुत्रं वर आणलंस तर गोळी घालीन." मीही तापट. म्हटलं, "तुझी गोळी कशाला? वर जायच्या दिवसापर्यंत बरा झाला नाही तर मीच घालतो." बोलून बसलो. आता माघार कशी घेणार?

बुरुल सरोवरकाठच्या कोळ्यांची पोर. चहा ओतता ओतता मान खाली घालून म्हणाली, "बाबा, मोयनोकला मेंढीचं मटण मानवत नाही."

मला हसूच फुटलं. "अगं, जन्मभर मेंढ्या राखल्या त्यानं, आणि मेंढीच मानवत नाही?"

"हिवाळ्यात आपण घोडा कापला. घरात तेच शिजत होतं, त्यालाही तेच. तेव्हा खाजवत नव्हता. वसंतात नवरोजच्या सणाला मेंढी कापली आणि आठ दिवसांत सुरू. मागच्या वर्षीही असंच झालं होतं, फक्त कमी."

चाळीस वर्षं कुत्री पाळली, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. या पोरीनं दोन हिवाळे निमूटपणे बघून ठेवलं होतं!

तिनं माहेरून मासे मागवले. मासे उकडून, काटे वेचून, जवाच्या पिठात कालवायचे. आठ आठवडे तेवढंच. हाड नाही, चरबी नाही, मटणाचं पाणीसुद्धा नाही. तोकोय कुंपणावरून ओरडायचा, "काय रे, कुत्रं पाळलंय की मांजर?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण तिसऱ्या आठवड्यात लाली उतरली. चौथ्यात काखेत कोवळी लव आली.

आणि पाचव्यात सगळं परत. रक्त येईपर्यंत खाजवायला लागला. बुरुल गोठ्यामागे रडत बसली होती. "माझंच चुकलं, बाबा. उगाच त्याला उपाशी ठेवल्यासारखं केलं." माझ्या मुलानं, एरमेकनं, उलट तिलाच झापलं.

आता खरं सांगतो. चूक माझी होती. माशांचं भांडं चाटून मोयनोक माझ्याकडे बघायचा, ते मला बघवेना. चौथ्या आठवड्यापासून रोज सकाळी मी त्याला मेंढीच्या शेपटीची चरबी भरवत होतो. मानाच्या पाहुण्याला आम्ही देतो ती. ज्याच्यावर जीव, त्याला चरबी; दुसरी माया आम्हाला शिकवलीच नाही कोणी.

दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते सांगायला. तिसऱ्या दिवशी तोकोय चहाला बसला होता, त्याच्यादेखत बोललो, "बुरुल, चरबी मी घालत होतो."

मला वाटलं, आता ही रागावणार. तिचा चेहरा तर उजळला! "म्हणजे माझं बरोबर होतं?"

"बरोबर होतं, पोरी."

"मग परत पहिल्यापासून, बाबा. आठ आठवडे. आणि तुम्ही लांब राहायचं."

तोकोयनं मिशीतल्या मिशीत हसून विचारलं, "वर जायला पंधरा दिवस उरलेत. तुझ्या शब्दाचं काय?"

"कळप तुम्ही न्या," मी म्हटलं. "माझा वर जायचा दिवस अजून ठरलेला नाही."

मोयनोकसाठी आयुष्यात पहिल्यांदा मी उन्हाळ्यात गावात राहिलो. बुरुलला कळपाबरोबर वर जावं लागलं, जाताना काटे कसे वेचायचे ते दाखवून गेली. मी स्वतः मासे शिजवले. घराला असा वास, की टपालवाला दारातूनच पळायचा. मोयनोक बघायचा आणि मी भिंतीकडे बघायचो.

जुलै सरता सरता दोघं वर पोचलो. तोकोयनं मोयनोकला आडवं पाडलं, दोन्ही हातांनी केस फाकवून पोट बघितलं, काखा बघितल्या. कुठे डाग नाही. उठला आणि आमच्या मानासाठी मेंढी कापली.

जेवणात रीतीप्रमाणे मेंढीचं डोकं माझ्यापुढे आलं, मीच थोरला. मी ताट बुरुलपुढे सरकवलं. तंबूत सगळ्यांच्या माना वळल्या. सुनेला डोकं?

"काप," मी म्हटलं. "यंदा मान तुझा."

तिनं डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. लाजेनं लाल झाली होती, पण सुरी घेतली. पहिला कान लहान पोरांना द्यायचा असतो, मोठ्यांचं ऐकायला शिकावीत म्हणून. पोरं हात पसरून तयारच होती. तिनं कान कापला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"घ्या, बाबा."

तोकोय हसून हसून आडवा पडला. मी कान तोंडात टाकला आणि चावून चावून, पुरता खाल्ला.