बाळंतिणीच्या खोलीतलं झाड

भागिरथा पहिलटकरीण होती. धनजहून एस.टी.नं ती माहेरी आली तेव्हा तिचे दिवस भरत आले होते, कार्तिकाची थंडी पडली होती आणि घरातल्या एकुलत्या एक खोलीत गांजाचं झाड राहत होतं.

राहत होतं हाच शब्द बरोबर. डालड्याच्या मोठ्या डब्यात लावलेलं, कमरेएवढं वाढलेलं ते झाड त्या घरात कोणत्याही माणसापेक्षा सुखात होतं. घर म्हणजे पुढं ओसरी, बाजूला चूल आणि दार लावता येईल अशी ती एक खोली. भागिरथाची माय वच्छला, तिची तिन्ही बाळंतपणं त्याच खोलीत झाली. आता पोरीचं कुठं होणार, या प्रश्नानं तिचं डोकं दुखत होतं. डोक्याला बांधायला फडकंही नव्हतं, कारण घरातली सगळी फडकी नवऱ्यानं खोलीच्या फटींत कोंबली होती. झाडाला वारा लागू नये म्हणून.

नवरा, म्हणजे गोविंदा, याला चिलमीचा नाद होता. तेव्हा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळणारा गांजा म्हणजे नुसत्या काड्या, असं त्याचं मत झालं आणि पोळ्याच्या दिवशी त्यानं जाहीर केलं की आपण घरचा पिकवू. शेतात लावायची सोय नव्हती. बांधाला बांध पोलीस पाटलाचा होता. म्हणून खोलीत.

ज्या माणसाला आपल्या शेतातली कपाशीची पराटी पिवळी पडली हे शेजाऱ्यानं सांगावं लागायचं, तो या झाडाचं पान न् पान ओळखायला लागला. धाब्याच्या छताला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून उन्हाचा कवडसा पडायचा. तो सरकेल तसा गोविंदा डबा सरकवायचा. दिवसभर. कोपऱ्यात शेगडी पेटती. शेगडीनं हवा सुकते म्हणून दारावर ओलं पोतं. पोत्यानं दमट होऊन बुरशी धरते म्हणून सुपानं वारा. वच्छलाला लग्नानंतरच्या चोवीस उन्हाळ्यांत त्यानं एकदाही वारा घातला नव्हता. तिला माणूस एवढं वाकून सूप हलवू शकतो हेच ठाऊक नव्हतं.

खाण्याचेही तसेच लाड. बकरीच्या लेंड्या तीन दिवस भिजवून त्याचं पाणी. बैलाच्या वाट्याची सरकीची ढेप. राख चिमटीनं. मधे ग्रामसेवकाकडून मिरचीच्या नावानं मूठभर युरिया आणून घातला, तर पानांची टोकं जळाली. मग तीन दिवस झाडाला नुसतं पाणी आणि गोविंदाला जेवण गेलं नाही. वच्छलानं बाळंतिणीसाठी डिंक नि खोबरं आणून ठेवलं होतं, ते तिनं शिंक्यावरून उतरवून कुलपात टाकलं. आज ना उद्या ते डब्यात जाईल याची तिला खात्री होती.

पोरगी आली त्याच दुपारी तिनं नवऱ्याला गाठलं.

"भागीचे आजउद्यात दिवस भरतात. काढा तो डबा बाहीर."

"आता हलवलं तं झटका बसते त्याले. नर हाय का मादी, हे समजाले आठ दिवस लागतात. मंग काढतो."

"अन् पोरीनं आठ दिवस थांबाव?"

"इचारून पाह्य तिले," गोविंदा म्हणाला आणि डबा वीतभर सरकवून आला.

तिनं पोरीला ओसरीवर बाज टाकून दिली, वरून दोन गोधड्या. शेगडी मागितली तर ती कामात होती. भागिरथा बापाची लेक. ती म्हणाली, राहू दे माय, त्याले थंडी वाजत असंल. वच्छलाला वाटलं, या घरात डोकं ठिकाणावर असलेला आपला बैल तेवढा उरला आहे, आणि त्याचीही ढेप बंद झाली आहे.

तिसऱ्या दिवशी गावात जीप आली. आणीबाणीचं साल होतं. जीप दिसली की गावातले बाप्ये तुरीत शिरत, कारण ती नसबंदीला माणसं शोधत फिरायची. गोविंदा मात्र शिरला नाही. जीप झाडासाठीच आली, याबद्दल त्याला शंका नव्हती. तो खोलीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

नर्सबाई ओसरीवर आल्या. त्यांना सकाळपासून एकही माणूस सापडला नव्हता. त्यांनी भागिरथाचे पाय पाहिले, सुजलेत म्हणाल्या, आणि मग वच्छलावर उखडल्या.

"एवढ्या थंडीत गरोदर पोरीला ओसरीवर का ठेवलंय? आत खोली आहे ना?"

आणि त्या दाराकडे निघाल्या. वच्छलाच्या जिभेवर आलं होतं की बाई, पाहाच आत काय हाय ते. एका वाक्यात खोली मोकळी झाली असती. पण खोलीबरोबर नवराही मोकळा झाला असता, थेट ठाण्यात. तिनं तोंड मिटलं.

"खोलीत काई नाई," गोविंदा म्हणाला. "मी येतो तुमच्यासंगं. आपरेशनले."

नर्सबाई जागीच थांबल्या. जीपमधला साहेब खाली उतरला. असा आपणहून निघणारा माणूस त्याला अख्ख्या तालुक्यात भेटला नव्हता. त्यानं गोविंदाशी हात मिळवला. दाराकडं मग कोणी पाहिलं नाही. जीप सुरू झाल्यावर गोविंदानं मान बाहेर काढली.

"शेगडी इझू देऊ नको वं."

वच्छला धुरळा खाली बसेपर्यंत उभी राहिली. आता झाड उपटायला कोणाची आडकाठी नव्हती. ती आत गेली, बुंध्याला हात घातला आणि थांबली. ज्याच्यापायी माणूस जीपमध्ये बसला ते झाड त्याच्या पाठीमागं गेलं, तर उरलेला जन्म हेच ऐकावं लागेल. तिनं शेगडीत दोन गोवऱ्या टाकल्या, सूप उचललं आणि स्वतःला शिव्या देत वारा घालू लागली.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ जगदेव भाचीला पाहायला रिठदहून आला. तो तरुणपणी खांडव्याकडं गांजाच्या परवान्याच्या शेतांत मजुरीला होता. तो डब्यापुढं उकिडवा बसला, फांदीच्या बेचक्यात लोंबणारे बारीक घोस त्यानं बोटानं उचलून पाहिले, आणि तंबाखू मळायला घेतली. तेवढ्यात गोविंदा आला. खांद्यावर बक्षिसाचं ब्लँकेट, पाय फाकलेले, चाल जपून. आल्या आल्या त्यानं शेगडी तपासली.

"भाऊजी," जगदेव म्हणाला, "हे नर हाय. याच्यात काई नसते. आमी खांडव्याले असं दिसलं का उपटून फेकत होतो."

गोविंदा बराच वेळ झाडाकडं पाहत उभा राहिला. बसणं त्याला तसंही जमत नव्हतं.

"आता तं काढता?" वच्छलानं विचारलं.

"कायले उपटता त्याले," तो हळूच म्हणाला. "त्याचा काय दोष. असू दे बिचारं."

वच्छला काही बोलणार, तोच ओसरीवरून भागिरथानं हाक मारली. हाकेचा सूर वेगळा होता. जगदेव सोजरबाई दाईला आणायला पळाला. वच्छलानं पोतं ओढून फेकलं, पोरीला आत आणलं, मागून बाज ओढून घेतली, तिच्याखाली शेगडी सरकवली आणि नवऱ्याला सांगितलं की आता या खोलीत एकही गडी नको, डब्यातला नको आणि बाहेरचाही नको. गोविंदानं मुकाट्यानं डबा छातीशी धरून उचलला आणि ओसरीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. ब्लँकेट त्यानं झाडाला गुंडाळलं.

सोजरबाई आल्या. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं, चारी फटी चाचपल्या, नाकानं हवा घेतली. चाळीस वर्षांत एवढी नीट तयार केलेली बाळंतिणीची खोली पाहिली नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. कोणी केली म्हणून त्यांनी विचारलं. वच्छला पाण्याचं निमित्त करून बाहेर आली.

"पाणी तापवाले पाह्यजे. इहिरीवरून दोन घागरी आणा."

"डाक्टरनं वजन उचलू नको म्हटलं," गोविंदा म्हणाला. "आठ दिवस."

वच्छलानं डब्याकडं पाहिलं, गोविंदाकडं पाहिलं. मग तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, दोन्ही घागरी घेतल्या आणि विहिरीची वाट धरली.