वरून दिसणारी दोरी

टिचकीचे पुढचे दोन्ही दात पडले, त्या वर्षीची गोष्ट. आजीने नाकावरचा चष्मा काढला, जमिनीवर पसरलेल्या नकाशावर ठेवला आणि म्हणाली,

"हा इथे. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा."

चष्म्याच्या एका काचेखाली आकाशपाळणा आला होता. काचेमुळे तो नकाशातल्या डोंगरांपेक्षा, किल्ल्यांपेक्षा आणि पाण्यातल्या बोटींपेक्षाही मोठा दिसत होता. टिचकी पालथी पडून त्याच्याकडे पाहत राहिली. तिने चष्मा जरासा हलवला, तसा पाळणाही हलला.

टिचकीचा बाप शाळेची बस चालवायचा. थीम पार्कची सहलही त्याला बसच्या फेरीसारखीच आखायची होती. तो पेन्सिलीच्या मागच्या टोकाने नकाशावर रस्ता काढत होता.

"फाटकातून आत शिरलो की डावीकडे. आधी घसरगुंडी, मग गुहा, मग जेवण. मागे वळायचं नाही कुठेही."

"आणि भुताचं घर?" टिचकीने विचारलं. दातांच्या फटीतून शब्दांबरोबर थोडा वाराही बाहेर आला.

"ते जेवणानंतर."

"जेवल्यावर भीती वाटत नाही, बाबा. पोट भरलेलं असतं."

"मग बरंच आहे की."

खिडकीजवळच्या टेबलावर टिचकीची आई, म्हणजे आजीची सून, इस्त्री करत होती. एका हॉटेलच्या चादरी तिच्याकडे यायच्या. ओल्या कापडावर इस्त्री फिरली की वाफेचा एक ढग उठायचा, खोलीभर तरंगायचा आणि नकाशावर जाऊन विरायचा. वाफेतून पाहिलं की नकाशातले डोंगर खरेच वाटायचे. सुनेने चादरीची घडी घातली आणि तिथूनच म्हणाली,

"माझं तिकीट काढू नका हं. मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं."

"तुला कोण चढायला सांगतंय? खाली बाकावर बस, आमच्या चपला सांभाळ," नवरा म्हणाला.

"चपला घरीही सांभाळते मी. शिवाय हे गठ्ठे कोण संपवणार?"

आजी हसली, पण तिचं बोट चष्म्याजवळच होतं. तिच्या मुलाने ते पाहिलं. पेन्सिल खाली ठेवून तो म्हणाला,

"आई, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"जिने चढू नका म्हणाले. पाळणा मला बसवून वर नेणार आहे. त्यात माझे पाय कुठे आले?"

"वर गेल्यावर दम लागला तर मधेच उतरता येत नाही."

"तुझ्या बसमधून तरी कुठे येतं?"

टिचकी खुदकन हसली. मुलाने मान हलवली आणि गुहेच्या आधी पाळण्यापाशी एक फुली मारली. मग जरा विचार करून ती खोडली आणि जेवणानंतर मारली.

"ऊन जरा कलू दे. दुपारी वर डोळे दिपतात."

"चालेल. तेही ऊन कललं की मगच बघायचे," आजी म्हणाली.

'ते' म्हणजे आजोबा. सुनेने त्यांना पाहिलं नव्हतं; तिचं लग्न व्हायच्या आधीच ते गेले होते. पण घरात त्यांचा विषय असा निघायचा, की ते आत्ताच पलीकडच्या खोलीत गेले असावेत. थीम पार्क झालं त्या जागेवर तेव्हा बंदर होतं आणि आजोबा तिथे क्रेन चालवायचे. नेमका जिथे आता पाळणा उभा होता, तिथेच त्यांची क्रेन असायची. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुता धुता ते वरून काय काय दिसलं ते सांगायचे. वरून माणसं दिसत नाहीत, नुसती डोकी आणि सावल्या दिसतात. जहाज धक्क्याला लागलं की झोपेत कूस बदलल्यासारखं हलतं. आणि आपली गच्ची दिसते. गच्चीवरची दोरी दिसते.

ती दोरी दिसते म्हटल्यावर आजीने चादरींची भाषाच करून टाकली होती. पांढरी म्हणजे सगळं ठीक. चौकड्यांची म्हणजे पाहुणे आलेत. निळी म्हणजे सकाळचं भांडण अजून मिटलेलं नाही. आणि पिवळी म्हणजे काहीतरी आनंदाचं आहे. आजोबा कधी चुकले नाहीत. निळी असली की दारातूनच म्हणायचे, "पाहिली बरं का, अजून जरा फिरून येऊ का?" पिवळी असली की त्यांच्या हातात खाऊची पुडी असायची, कोपऱ्यावरच्या दुकानातली, लाल दोऱ्याने बांधलेली. पोराच्या जन्माची बातमीसुद्धा त्यांना आधी चादरीनेच कळवली होती.

"तेवढी एकदा वरून बघायची आहे. ते रोज बघायचे. मी फक्त वाळत घालत राहिले," आजी नकाशाला सांगावं तसं म्हणाली.

सुनेची इस्त्री चादरीवर क्षणभर तशीच थांबली. कापडाचा वास आला तेव्हा तिने ती घाईने उचलली.

"मी आहे ना घरी, आई. पिवळी कुठे ठेवलीय सांगा, मी बांधते."

*

सहलीच्या दिवशी घर सकाळीच रिकामं झालं. टिचकी पळत पळत दोनदा परत आली, एकदा टोपीसाठी आणि एकदा टोपी नको म्हणून सांगायला. आजीने ठेवणीतला स्वेटर घातला होता. दाराशी तिने सुनेचा हात दाबला.

पेटीच्या तळाशी पिवळी चादर होती. धुऊन धुऊन ती इतकी विटली होती की तिला पिवळी म्हणायचं ते केवळ सवयीने. सुनेने ती पाण्यातून काढून पिळली, इस्त्री केली आणि ऊन कलल्यावर गच्चीवर नेली.

दोरीला चादर बांधून तिने पाळणा कुठे आहे ते पाहिलं. तो कुठेच नव्हता. बंदराच्या बाजूला पाण्याची जुनी टाकी उभी होती, जाड आणि गोल, आकाशाचा तेवढा भाग अडवून. सून गच्चीच्या या टोकाला गेली, त्या टोकाला गेली. टाकी तिच्याबरोबर सरकल्यासारखी वाटली. रोज कपडे वाळत घालताना ती तिच्या नजरेसमोर असायची, पण तिच्यामागे काय आहे हे पाहायची वेळ कधी आली नव्हती. आजी तर गुडघे धरल्यापासून गच्चीवर आलीच नव्हती. त्याआधी ती इथेच रोज उभी राहत असणार. मला ते दिसत नाहीत, पण ते उंचावर आहेत, त्यांना सगळं दिसतं, असं मनात धरून ती चादरीचे कोपरे ताणत असणार.

टाकीच्या पायाच्या दगडावर एक साल कोरलेलं होतं, येता-जाता तिने वाचलेलं. ते या घराच्याही आधीचं होतं.

सुनेने चादरीवरून हात फिरवला. इथून पाळणा दिसत नाही, म्हणजे पाळण्यातून हे दिसणार नाही. मग तिने मान वळवून जिन्याच्या खोलीकडे पाहिलं. खोलीच्या छपरावर जायला लोखंडी शिडी होती. टीव्हीची तार सरळ करायला नवरा वर्षातून एकदा तिच्यावर चढायचा, आणि तेव्हाही ती आत जाऊन बसायची.

तिने चादर सोडली आणि गळ्याभोवती गुंडाळली. पहिल्या पायरीवरच पायाखालची गच्ची पाण्यावर ठेवल्यासारखी डुलली. तिने डोळे मिटले. डोळे मिटल्यावर शिडी फक्त हातांना आणि तळव्यांना होती, खाली काही नव्हतं, वर काही नव्हतं. शेवटच्या पायरीवर कोपर खरचटलं. छपरावर ती आधी गुडघ्यांवर बसली आणि तिने एकदाच डोळे उघडले. टाकीच्या खांद्यावरून, फार दूर, एका चाकाची कड दिसत होती, पाखराच्या पंखाएवढी, इतकी सावकाश फिरत होती की फिरते आहे की नाही ते सांगता येऊ नये.

तिने डोळे पुन्हा मिटले, चादरीचे दोन कोपरे दोन्ही हातांत धरले आणि उभी राहिली. वाऱ्याने चादर भरली. किती वेळ ती तशी उभी होती, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

*

दिवेलागणीला सगळे आले. टिचकी बापाच्या खांद्यावर अर्धवट झोपली होती, पण आईला पाहताच जागी झाली.

"आई, आजी वर इतकी हसली! पुढच्या पाळण्यातली माणसं वळून वळून बघत होती."

"मला वाटलं हिला काही झालं की काय. मी तर खाली ओरडणार होतो, पाळणा थांबवा म्हणून," मुलगा म्हणाला.

आजी खुर्चीवर बसून बूट काढत होती. सुनेने बाहीने कोपर झाकलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं,

"दिसली का, आई?"

"दोरी नाही दिसली. टाकी आडवी येते. ठोंब्यासारखी उभी आहे मेली मधे." आजी पाणी प्यायली. "आणि त्यांची क्रेन तर पाळण्याच्या निम्मीसुद्धा नव्हती."

आजीने पेला मांडीवर ठेवला.

"पुडीला लाल दोरा असायचा बघ. कोपऱ्यावरच्या दुकानातून आपली दोरी स्वच्छ दिसते. तिथे उभं राहून बघायचे आणि घरी येऊन मला सांगायचे, वरून पाहिली म्हणून." तिच्या तोंडावर पुन्हा तेच हसू आलं. "लबाड माणूस! मी आपली निळी चादर जास्त ताणून बांधायचे. नीट दिसावी म्हणून."

मग तिने सुनेचा हात ओढून घेतला आणि बाही हळूच वर सारली.

"पिवळी मात्र दिसली. टाकीच्या खांद्यावर. हलत होती. दोरीला बांधलेली चादर तशी हलत नाही."

सुनेने बाही पुन्हा खाली ओढली.

"गरगरलं नाही तुला?"

"डोळे मिटले होते."

"म्हणजे तू काहीच पाहिलं नाहीस."

"नाही."

"मग बस इथे," आजी म्हणाली आणि खुर्चीवर एका बाजूला सरकली. "मी सांगते तुला वरून काय काय दिसलं ते."

आणि ती सांगू लागली. समुद्र वरून सपाट नसतो, मधे फुगलेला असतो. माणसांच्या आधी त्यांच्या सावल्या घरी निघतात. सगळ्या गावाच्या दोऱ्या दिसतात, आणि कोणाच्या घरी काय चाललंय ते कपड्यांवरून कळतं.

"आई, एवढं कुठे दिसत होतं?" मुलगा म्हणाला.

"तू गप्प बस. तू सगळा वेळ कठडा धरून बसला होतास."

सुनेने डोळे मिटून घेतले होते. टिचकी तिच्या मांडीवर झोपली होती, आणि तिच्या मुठीत परतीच्या वाटेवर दुमडून दुमडून लहान झालेला नकाशा होता.

टिचकीचे नवे दात अर्धेच वर आले होते, तेव्हा, हिवाळा सरता सरता, आजी गेली. दुपारची वेळ होती आणि सून गच्चीवर कपडे वाळत घालत होती.