माझी दक्षिण बाजू

मी एक जुना निवडुंग आहे. आमच्या जातीला सग्वारो म्हणतात. उंचीने मी घराच्या छपरापर्यंत पोचतो, पण हात, म्हणजे बाजूला फुटलेली फांदी, मात्र मला एकच. मित्रांनो, त्या एका हातामुळे मी जिवाला मुकणार होतो.

अमेरिकेत, टुसॉनच्या वाळवंटात मी रुजलो. पुढे तिथे घर झालं आणि मी कुणाच्या तरी परसात आलो. सुतारपक्ष्यांनी माझ्या अंगात बिऱ्हाडं केली. घरातली देल्फिना लांब काठीने माझी लाल फळं पाडून मुरंबा करायची. संध्याकाळी ती आणि तिचा नवरा माझ्याकडे तोंड करून कॉफी प्यायचे. ते दिवस सुखाचे होते.

नवरा गेला, देल्फिनाचे गुडघे धरले. दूरच्या फ्लॅगस्टाफ शहरातून लेक फोनवर म्हणायची, "आई, आता इकडेच ये." त्यासाठी घर विकायला हवं होतं आणि ते काही विकलं जाईना. गिऱ्हाइकं गाडीतूनच पुढचं उजाड अंगण बघायची आणि काच वर करून निघून जायची. घरं विकून देणारी केंड्रा म्हणाली, "बाई, घर आतून छान आहे हो, पण माणूस गाडीतून उतरायला तर हवा. पुढे काहीतरी शोभा करा."

देल्फिनाचा धाकटा भाऊ एफ्राइन कामाला लागला. त्याचा धंदाच अंगणं सजवण्याचा. त्याने खडी पसरली, दगड मांडले, घायपात लावले. "आणि मधोमध हा," देल्फिनाने माझ्याकडे बोट दाखवलं.

आमच्याकडे निवडुंग हलवण्याआधी त्याच्या दक्षिण अंगावर खडूने खूण करतात. ऊन खाऊन खाऊन ती कातडी राठ झालेली असते, उत्तरेची कोवळी राहते. नव्या जागीही खूण दक्षिणेलाच यावी लागते. एफ्राइनने खूण केली आणि मला क्रेनच्या झोळीत घालून पुढच्या खड्ड्यात उभं केलं. पण माझा हात गेला घराकडे. रस्त्यावरून मी नुसता खांब दिसू लागलो.

"फिरव त्याला," देल्फिना म्हणाली.

"ताई, खूण दक्षिणेला नको का?"

"हातच दिसणार नसेल तर आणला कशाला त्याला?"

"भाजेल तो."

"तोवर घर विकलं जाईल. फिरव."

एफ्राइनने मला फिरवलं. गाड्या थांबू लागल्या, फोटो निघू लागले. पण गिऱ्हाइकाआधी उन्हाळा आला. माझी कोवळी बाजू पिवळी पडली, मग करपली. एक दिवस एक गृहस्थ उतरला, माझ्याभोवती फिरला आणि उत्तरेला आलेली खडूची खूण पाहून बायकोला म्हणाला, "शोभेसाठी याला उलटा उभा केलाय. घरातही काय काय झाकलं असेल कोण जाणे." दोघं तिथूनच परत गेले. देल्फिना जाळीच्या दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं.

त्याच दुपारी तिने एफ्राइनला बोलावलं. पुन्हा उपटलं तर मुळं धरणार नाहीत, असं तो म्हणाला, म्हणून तिने आपली फुलाफुलांची चादर माझ्या भाजल्या बाजूवर बांधून घेतली. "माझ्या घाईपायी तुला भाजलं रे," ती मला म्हणाली.

केंड्राचा फोन आला. "बाई, अंगणात चादर? काढा आधी ती."

"उन्हाळा सरेपर्यंत नाही."

"मग घर राहिलं पडून तर चालेल?"

"नाही चालणार. पण चादर राहील."

येणारे-जाणारे हसायचे. लोरेटा नावाची एक निवृत्त परिचारिकाही हसली, पण ती गाडीतून उतरली. "हा गाऊन कुणाचा?" तिने विचारलं. देल्फिनाने तिला पडवीत बसवलं आणि स्वतःची चूकसुद्धा न लपवता सांगितली. लोरेटाने छप्पर पाहिलं, नळ सोडून पाहिले. मग म्हणाली, "घर मला पसंत आहे. चादर मात्र इथेच ठेवून जा."

निघायच्या दिवशी लेक न्यायला आली. देल्फिनाने माझ्या तपकिरी डागावरून हात फिरवला आणि लेकीला म्हणाली, "तिकडे माझी खुर्ची पूर्वेच्या खिडकीशी ठेव. सकाळचं ऊन अंगावर घ्यायची सवय आहे मला."

"आई, तिथे टीव्ही आहे गं," असं म्हणता म्हणता लेकीची नजर माझ्या डागावर गेली. ती थांबली. मग तिने नवऱ्याला फोन लावला आणि टीव्ही हलवायला सांगितलं.

मित्रांनो, माझा डाग आता जायचा नाही. तुम्हीही कधी कुणाला मुळासकट उचलून दुसरीकडे न्याल. जरूर न्या. फक्त त्याआधी त्याला कुठल्या बाजूच्या उन्हाची सवय आहे, तेवढं विचारा.