चार फुटांची रेघ

मिस अर्लीन आमच्या बैठकीच्या खोलीत लाकडी जमिनीवर उताणी पडली होती, आणि आता हिला उठवायचं कसं, याची मला काळजी लागली होती. अंगाने भरलेली बाई, त्यात एक गुडघा कामातून गेलेला. वर छत नव्हतंच. निळी ताडपत्री वाऱ्याने फुगत होती, बसत होती.

"पाळणा कुठं होता गं?" तिने पडल्यापडल्याच विचारलं.

"तुमच्या डोक्यापाशी."

"म्हणजे छत पाळण्यात पडलं."

मी ओडेटला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. वादळात आम्ही ह्यूस्टनला माझ्या आईकडे होतो. पोरीला खोकला होता. उघड्या लाकडांवर काळी बुरशी धरत होती आणि मी तिचा प्रत्येक श्वास ऐकत दिवस काढत होते.

विमा कंपनीचा सर्वेअर येऊन गेला होता. त्याने लिहिलं, पुराचं पाणी घरात शिरलं. आमचा विमा वाऱ्याचा. पुराचा वेगळा असतो, तो नव्हता. म्हणजे पैसे नाहीत, छप्पर नाही, घर नाही. आईकडे कायमचं जायचं. माझा नवरा रेमी समुद्रात तेलविहिरीवर होता. तो फोनवर म्हणाला, जाऊया. त्याचे वडील आल्सीद, आमचे पा, म्हणाले, "तुम्ही जा. मी ताडपत्रीखाली मरेन." हे घर त्यांनी स्वतः बांधलेलं.

म्हणून मी मिस अर्लीनला नेमलं. कंपनीचा सर्वेअर कंपनीचा असतो. ही परवानाधारक, पण घरमालकाची. नुकसान मोजायचं, मांडायचं आणि आपल्या वतीने कंपनीशी वाद घालायचा, हा तिचा धंदा. पूर्वी ती कंपनीकडेच होती.

"भांडायला भाड्याचं माणूस," पा म्हणाले होते, आणि ती आल्यापासून आमच्याकडे पाठ करून पायरीवर बसले होते.

मिस अर्लीन माझा हात धरून उठली. धापा टाकत भिंतीपाशी गेली. जमिनीपासून चार फुटांवर भिंत कापलेली होती, घरभर, एका पातळीत. कडेला निळी रेघ दिसत होती.

"ही कुणी मारली? काय सरळ आहे."

मी पायरीकडे बघायचं टाळलं.

आमच्याकडे वादळ ओसरलं की कुणाला बोलवावं लागत नाही. घरमालक परत यायच्या आत शेजारी घर उघडतात. बायका कपडे धुवायला घरी नेतात, पुरुष भिंती काढतात. इथली भिंत म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या प्लास्टरच्या पाट्या, एकेक चार फूट रुंद, आडवी लावलेली. खालची भिजते, ती काढायची, नवी बसवायची. त्याआधी कुठवर कापायचं त्याची रेघ मारायची, आणि रेघ मारायची ती पांनी. रंगाची दोरी दोन टोकांना ताणून बोटाने टणकन सोडायची. बायूच्या, म्हणजे आमच्या संथ खाडीच्या, काठावर त्यांची रेघ रंगाखाली नसलेलं घर विरळाच.

या वेळी पा आमच्याआधी परतले होते. बायूचं पाणी घराखालच्या खांबांतच थांबलं होतं. पाऊस आला तो उडालेल्या छपरातून. पण त्यांच्या हातांना एकच काम माहीत होतं. आम्ही पोचलो तेव्हा घर झाडूनपुसून स्वच्छ होतं, सगळा राडा सरकारी ट्रकने उचलून नेला होता आणि शेगडीवर गंबोचा रस्सा उकळत होता. मी रडले होते, आनंदाने. सर्वेअरने मात्र रेघ बघितली, ती पुराची खूण धरली आणि वही मिटली.

"छान. पुरावा साफ करून वर जेवणसुद्धा," मिस अर्लीन म्हणाली. "रविवारी बोलाव सगळ्यांना. ज्यानं जिथं काम केलं, तिथंच उभं राहायचं."

रविवारी मासची प्रार्थना संपल्यावर शेजारी आले, चर्चच्या कपड्यांत, हातात भाताची पातेली. मिस अर्लीनने एकेकाला नुसत्या लाकडी खांबांमध्ये उभं केलं.

"नोलन, तू काय उचललंस?"

"छत. उचलायचं काय त्यात, लापशी होती. वर गरमी अडवायला घातलेला गुलाबी कापूस पिळला तर पाणी गळत होतं. तो अंगभर चिकटला म्हणून हिनं मला घरात घेतलं नाही."

"आजही घ्यायला नको होतं," त्याची बायको म्हणाली.

"आणि तुम्ही, मिस थीडा?"

म्हाताऱ्या थीडाने कोपऱ्यातल्या हवेत हात फिरवला. "इथं कपाट. वरच्या फळीवरल्या चादरी चिंब. खालच्या खणातलं बाळाचं बाप्तिस्म्याचं झबलं कोरडं, डांबरगोळ्यांच्या वासासकट. ते मी धुतलंच नाही. तसंच आणलंय."

"पूर आधी खालच्या खणात जातो," मिस अर्लीन हळूच म्हणाली, आणि लिहीत राहिली.

मी ओडेटला छातीशी धरून दारात उभी होते. कुणी हात उंच करून घड्याळ कुठे होतं ते दाखवलं, कुणी वाकून खिडकीखालची बाजू. त्या माणसांच्या हातांमधून घर परत उभं राहिलं, एकेक भिंत, एकेक फळी. माझ्या घरात काय कुठे होतं, हे इतक्यांना ठाऊक होतं. ओडेटसुद्धा खोकायची थांबून बघत होती.

"आता रेघ," मिस अर्लीन म्हणाली.

नोलनने घसा साफ केला. "ती... सगळ्यांनी मिळूनच."

"रेघ सगळे मिळून मारत नाहीत, नोलन."

मागे पायरी वाजली. पा टोपी काढून आत आले.

"मी मारली."

"का मारलीत?"

"वादळ झालं की मारायची असते." त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "वर बघितलंच नाही मी."

"असं लिहू? कंपनी वाचणार आहे."

"लिहा. आल्सीदनं सवयीनं मारली, लिहा."

त्यांनी सही केली. अंगठ्याच्या नखाखाली निळा रंग अजून होता.

कंपनीने दुसरा सर्वेअर पाठवला. मिस अर्लीनने त्यालाही वर बघायला जमिनीवर उताणं झोपवलं. पैसे मंजूर झाले आणि थंडी पडायच्या आत छप्पर झालं.

भिंतींच्या पाट्या आल्या त्या दिवशी पा नोलनला म्हणाले, "या उभ्या लावायच्या."

"उभ्या? कापाकापी वाढेल, पा."

"वाढू दे. चार फुटांवर जोड नको."

रंग वाळल्यावर मी ओडेटला निजवून बाहेर आले. पा भिंतीवर तळहात टेकवून चालत होते, कमरेपेक्षा थोडं वर, एका पातळीत, खोलीभर. हात कुठेच अडला नाही. दारापाशी आल्यावर त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ छताकडे बघत राहिले.