चिमण्यांची साक्ष

आमच्या नणंदबाईंना घरात सगळे पारा म्हणतात. राग लवकर चढतो म्हणून लहानपणीच हे नाव पडलं, आणि पुढे तिनं शिक्षणही नेमकं हवामानाचं घेतलं. आता ती जुन्या कागदांवरून जुन्या काळची ऊब मोजते. थर्मामीटर येण्याआधीचे हिवाळे किती कडक होते हे कळायचं, तर त्या काळच्या माणसांनी काय लिहून ठेवलंय तेच धुंडाळावं लागतं.

तिला घबाड सापडलं ते आमच्याच गल्लीत. कोपऱ्यावरच्या प्रार्थनाघरात दर आठवड्याला बुवा गाऊन निरूपण करतात. थंडीत बैठक आत, दगडी दालनात. थंडी ओसरली की बाहेर अंगणात. त्याला ठरलेला दिवस नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी हात चोळणं थांबवलं की बुवा सतरंज्या बाहेर टाकायला सांगतात. आणि प्रार्थनाघराचे कारकून पिढ्यान्‌पिढ्या रोजनिशीत लिहीत आले, ‘आजपासून बैठक अंगणात’. हिवाळा लवकर सरला तर अंगण लवकर, रेंगाळला तर उशिरा. पारा दोन वर्षं त्या रोजनिश्यांत मान घालून बसली होती.

एका संध्याकाळी ती आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. तिच्या मार्गदर्शक सरांनी प्रबंधातलं हे प्रकरण परत पाठवलं होतं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गावात तापमानाची नोंद सुरू झाली, त्याच्या थोडं आधीच रोजनिशी बंद पडली होती. दोघींची एकाही वर्षी गाठ पडली नव्हती. मग किती दिवस लवकर म्हणजे किती अंश उबदार, हे ठरवायचं कशावरून? अंश सांगता येत नसतील तर प्रकरण गाळा, असं सर म्हणाले होते. महिनाअखेरपर्यंत मुदत होती.

“पण लिहिणं थांबवलं कशाला त्यांनी?” आमच्या यांनी विचारलं.

“मी टेपरेकॉर्डर आणला ना,” सासरे सहज म्हणाले. “कारकून म्हणाला, तुम्ही अख्खं निरूपणच साठवताय, तर मी कशाला हात दुखवून घेऊ.”

पारानं वडिलांकडे असं पाहिलं की मी पटकन पाण्याचा पेला पुढे केला. “म्हणजे माझ्या प्रबंधाच्या मुळावर घरचेच उठले,” ती म्हणाली. सासऱ्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. त्यांच्या पलंगाखाली दोन ट्रंका भरून कॅसेटी आहेत, प्रत्येकीवर तारीख घातलेली, आणि त्यांचा अभिमान त्यांना लेकीच्या रागापेक्षा मोठा आहे.

मी कपड्यांच्या घड्या घालायला बसले आणि सवयीनं एक कॅसेट लावली. बुवांचा आवाज आला की घरातल्या भिंतीसुद्धा जरा सैल होतात. बुवा गात होते की देव दार वाजवत नाही, तो आधीच उंबऱ्यावर येऊन बसलेला असतो, आपणच वर बघून चालतो आणि अडखळतो. माझे डोळे भरून आले. ते नेहमीच येतात. सासरे मात्र कुरकुरले, की अंगणातल्या कॅसेटी सगळ्या अशाच, चिमण्या बुवांच्या वरचा सूर लावतात. दालनातल्या कशा घुमतात, ऐकत राहावं.

पारा उठून उभी राहिली. “बाबा, याची तारीख काय?”

नंतर आमच्या घरात आठवडाभर स्वयंपाक वेळेवर झाला नाही.

कॅसेटी तापमानाच्या नोंदीच्याच काळातल्या होत्या. प्रत्येक वर्षाच्या कॅसेटींत आवाज घुमायचा थांबतो कुठे, म्हणजे बैठक अंगणात कधी आली, एवढंच शोधायचं होतं. पाराला दर कॅसेटीची दोन मिनिटं पुरत होती. पण निरूपण मध्येच तोडायचं म्हणजे सासऱ्यांच्या जिवावर यायचं. दोघांची जुंपली. शेवटी मी तोड काढली: बाकीच्या चाळायच्या, पण अंगणातली पहिली कॅसेट सापडली की ती पूर्ण ऐकायची. मुदत डोक्यावर असताना पारानं हे मानलं, आणि माझी चंगळ झाली. दुपारी शेजारीण डाळ निवडायला घेऊन येऊ लागली. संध्याकाळी हे कामावरून आले की आधी विचारायचे, “कितव्या वर्षात आहात?”

अडचणी आल्याच. एका कॅसेटीत घुमाराही होता आणि चिमण्याही. पारानं कपाळावर हात मारला. सासऱ्यांनी कान लावला आणि खुदकन हसले. त्या वर्षी दालनातल्या झुंबरावर घरटं झालं होतं. पारानं पुन्हा ऐकलं, तर चिमणीची चिवचिवसुद्धा घुमत होती. एका वर्षी अंगण फारच लवकर आलं, पण तिथं बुवाच मध्ये थांबून म्हणाले होते, “आत रंगाचा वास, बाहेर गारठा. आज देव तुमची चांगलीच परीक्षा बघतोय.” दालनाच्या रंगकामामुळे अंगण आलेलं ते वर्ष पारानं हसत हसत गाळलं.

बाकीच्या वर्षांच्या तारखा तिनं तापमानाशेजारी मांडल्या आणि ठिपके बऱ्यापैकी एका रेषेत आले. आता त्याच रेषेनं रोजनिश्यांतले जुने हिवाळे अंशांत वाचता येणार होते.

मुदतीच्या आदल्या दिवशी सर स्वतः घरी आले. हेही रजा काढून थांबले होते. कानावर विश्वास कसा ठेवायचा, ही त्यांची शंका रास्तच होती. पारानं तारखा झाकून त्यांच्यापुढे कॅसेटी ठेवल्या. सर डोळे मिटून सांगत गेले, आत, आत, बाहेर. त्यांचं आणि पाराच्या वहीतलं एकदाही वेगळं निघालं नाही.

“अंश लिहा,” सर म्हणाले, “फक्त चूक केवढी असू शकते तेही शेजारी लिहा,” आणि टेप बंद करायला त्यांनी हात पुढे केला. सासऱ्यांनी तो हळूच धरला.

“शेवटपर्यंत, सर. आमच्या घरचा नियम आहे.”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, पाराकडे पाहिलं. नियम फक्त अंगणातल्या पहिल्या कॅसेटीचा होता, पण पारानं खांदे उडवले. मी चहा टाकायला उठले आणि उंबऱ्याशीच थबकले, कारण बुवांनी वरचा सूर घेतला होता. परत येऊन बघते तर सरांची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती. निरूपण संपलं, आणि त्या दालनाच्या घुमाऱ्यातून बुवांचा साधा, बोलता आवाज आला, “पुढच्या खेपेला बैठक अंगणात बरं का, मंडळी.”

“अंगणाची तारीख?” सरांनी विचारलं.

आम्ही चौघांनी एकदमच सांगितली.