पूजेतला पाना

गोरक्ष लष्करातल्या वर्कशॉपमधून परत आला आणि कोपरगावच्या गनीभाईंच्या गॅरेजात सहादेव मिस्त्रीला कुणी विचारेनासं झालं. जीपवाले आले की आधी विचारत, गोरक्ष आहे का? ज्याच्या हातात सहादेवनं पहिला पाना दिला, त्याची ही चौकशी! सहादेवच्या पोटात तेव्हापासून जे दुखायला लागलं ते थांबायचं नावच घेईना. हल्ली चहासुद्धा गोरक्षाला आधी मिळतो, हेही त्यानं हेरून ठेवलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी तर कहर झाला. हत्यारांच्या पूजेचा नारळ यंदा गोरक्ष फोडेल, असं गनीभाई सहज बोलून गेले. दरवर्षी तो मान सहादेवचा. सहादेव हसला, पण कसा हसला ते त्याचं त्यालाच माहीत.

आवारात दुष्काळी कामावरची जीप उभी होती. तिचं मागचं चाक आदल्या दिवशी गोरक्षानं बसवलं होतं. चाकाचा मोठा नट पुरता आवळला आणि नटाची खाच एक्सलच्या भोकासमोर आली नाही, तर तो आणखी पुढंच आवळायचा, मागं फिरवायचा नाही, मग तो सुटू नये म्हणून आरपार पिन घालायची, हे सहादेवचं जुनं पालुपद. पोरानं घाईत नट नक्कीच मागं घेतला असणार, आज रंगेहाथ पकडू, असं त्यानं ठरवलं.

कुणी बघत नाही असं पाहून त्यानं चाकाचं टोपण काढलं, पिन ओढली आणि मोठा पाना लावला. नट हलेना. शेवटी तो पान्यावर उभा राहिला, तेव्हा कुठं नट सुटला. म्हणजे काम चोख होतं. सहादेवला इतकं वाईट वाटलं की विचारू नका.

तेवढ्यात हत्यारं गोळा करत गनीभाई आले आणि त्याच्या हातातला पाना घेऊन गेलेसुद्धा. थांबा, मी गोरक्षाचा नट सोडलाय, हे कोणत्या तोंडानं सांगणार? त्या मापाचा दुसरा पाना गॅरेजात नव्हता. सहादेवनं नट हातानंच फिरवला, तीच पिन खुपसली आणि टोपण लावून टाकलं.

पाना पूजेत मधोमध बसला. हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला. एकदा पूजेत मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलायचं नाही, आणि हा नेम गनीभाई सगळ्यांहून कडक पाळत. गोरक्षानं नारळ एका फटक्यात फोडला. सहादेवला तेही झोंबलं.

मग ड्रायव्हर कानिफनाथ जीप न्यायला आला. त्याला अकोले तालुक्यातल्या डोंगरात जायचं होतं, आणि वाटेत आईला तिच्या माहेरी सोडायचं होतं. चाक घाटात निखळणार, हे सहादेवला दिसत होतं. नाव गोरक्षाचं जाणार, हेही दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर हा विचार त्याला घडीभर गोडही लागला.

जीपमध्ये बसलेल्या म्हातारीनं मांडीवरचं गाठोडं सावरलं आणि सहादेवला हात जोडले. म्हणाली, "मिस्त्री, तुमच्या भरवशावर चालले बरं का घाटात."

सहादेव उठला आणि सरळ पूजेतला पाना उचलला. कुंकू सांडलं.

"मिस्त्री, पूजेतलं हत्यार?" गनीभाईंचा आवाज चढला.

"गोरक्षाच्या कामात खोट काढाया चाकाचा नट सोडला हुता मी. ढिला हाय त्यो."

टोपण काढून तो पुन्हा पान्यावर उभा राहिला. खाच समोर येईना, तसा त्यानं नट आणखी पुढं घेतला. भोक जुळलं. जुनी वाकडी पिन उचलायला तो वाकला, तर गोरक्ष शेजारी उकिडवा बसला होता. त्याच्या तळहातावर नवी पिन होती.

"वापरलेली पिन परत घालायची न्हाई. तुमीच शिकवलंय मिस्त्री."

सहादेवनं त्या बोलण्यात टोमणा शोधला. टोमणा असता तर निदान भांडता आलं असतं. त्यानं पिन घातली, तिचे पाय वाकवले आणि बोटांचं कुंकू पँटला पुसलं. पोरगं चांगलं निघालं होतं, आणि त्याला सगळ्यात जास्त तेच सलत होतं.