मागे पडलेला सेल

बोटीवरचे दिवे संध्याकाळी सातलाच पेंगायला लागले, तेव्हा धाकट्या भावाने निकाल देऊन टाकला. "बॅटऱ्या गेल्या, ताई. रविवारी सामान बांध नि आमच्याकडे राहायला चल."

भाऊ इलेक्ट्रिशियन, म्हणजे त्याचा शब्द काळ्या दगडावरची रेघ. पण ताईला बोट सोडायची नव्हती. नवरा गेल्यावर दोन वर्षं ती इथे एकटी राहत होती आणि चक्क मजेत होती. शिवाय एक प्रश्न तिला छळत होता: चारही बॅटऱ्या एकदम कशा जातील?

शनिवारी तिने बोट धक्क्याला लावून बॅटऱ्या पूर्ण चार्ज केल्या. रविवारी भाऊ आला, तर ही पायरीखालची फळी काढून पोटावर आडवी! चार बॅटऱ्या, प्रत्येकीत तीन सेल म्हणजे ॲसिडचे कप्पे, एकूण बारा. एकेकाचं झाकण उघडून ती काचेच्या नळीत ॲसिड ओढायची आणि आतल्या तरंगत्या काट्याचा आकडा वहीत लिहायची; आकडा जितका वर, तितका सेल भरलेला. अकरा सेल बाराशे चाळीसच्या आसपास होते, बारावा अकराशे नव्वद.

"हा एकटा मागे पडलाय, बाकीचे उगाच बदनाम," ती म्हणाली. "चार्जरच्या पुस्तकात लिहिलंय, भरलेल्या बॅटऱ्या मुद्दाम जास्त व्होल्टेजवर चालू ठेवायच्या. मागचा पुढच्यांना गाठतो."

"पुस्तकात काय, काहीही लिहितात," भाऊ पुटपुटला.

बॅटऱ्यांतून निघणारा वायू पेटू नये म्हणून तिने खिडक्या सताड उघडल्या, शेगडी बंद केली, दिव्यांच्या आणि फ्रिजच्या वायरी सोडवल्या, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि चार्जर चालू केला. सेल रटरटू लागले. दर तासाला ती मोजत होती. बाराशे पाच. बाराशे वीस. तिला लहान मुलीसारखं हसू फुटत होतं. भाऊ मात्र हाताची घडी घालून लांबूनच बघत होता.

चौथ्या तासाला त्याला राहवेना. "अगं, बुडबुडे आत घेऊ नकोस, आकडा खोटा येतो! नळीला टिचकी मार. मी तर नेहमी..." आणि त्याने जीभ चावली.

ताईने चष्मा वर केला. "नेहमी? म्हणजे बॅटऱ्या गेलेल्या नाहीत हे तुला ठाऊक होतं?"

"होतं." तो खाली बघत म्हणाला. "वारा सुटला की तुझ्या काळजीने मला झोप लागत नाही गं. वाटलं, या निमित्ताने तरी घरी येशील."

ताईला राग आला, चांगलाच आला, आणि त्याच दमात भरूनही आलं. तिने टिचकी मारून आकडा पाहिला. बाराशे पंचावन्न.

"मी इथेच राहणार," ती म्हणाली आणि नळी त्याच्या हातात ठेवली. "पण दर महिन्याला मोजायला लागेल. माझी कंबर वाकत नाही. तू येत जा."

भाऊ गुडघे टेकून पायरीखाली वाकला.

"वही दे इकडे," तो म्हणाला.